वाघजाईच्या राईतल्या टिचक्या

मुळशीला लोक धरण बघायला जातात. मी गेलो तो जोंधळ्याच्या दाण्याहून लहान अशा एका किड्याच्या अंगावर खवले आहेत की नाहीत, हे बघायला. आमच्या करमाळ्याकडे हे सांगितले तेव्हा चुलते म्हणाले, "एवढं शिकून हेच का?"

हेच. आणि त्यापायी मी माझ्या सरांशी वाद घातला आहे हे कळल्यावर वडिलांनी मशिनीवरचा पाय काढला. वडील शिंपीकाम करतात. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेले नव्हते. पुण्याच्या कॉलेजात मला उभे राहू दिले, वसतिगृहात जागा मिळवून दिली, एम.एस्सी.ला बसवले, ते याच सरांनी. त्यांचे उपकार मी कुणापासून लपवत नाही. पण माझ्यावर उपकार झाले म्हणून किड्याच्या अंगावरचे खवले नाहीसे होत नाहीत. हा प्रवास त्या एका वाक्यासाठी केला.

आधी किडा सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. ओल्या पाल्यात, दगडाखाली, कुजक्या सालीत हा राहतो. सहा पाय असतात, पंख नसतात. पोटाखाली दोन टोकांचा एक दुबेळका काटा दुमडून अडकवलेला असतो. धोका वाटला की काटा सुटतो, जमिनीवर आपटतो आणि किडा उडून भलतीकडे पडतो. इंग्रजीत याला स्प्रिंगटेल म्हणतात. मराठीत नाव नव्हते. ते मला पुढे या प्रवासातच मिळाले. यांच्यात सडपातळ अंगाच्या किड्यांचे एक कुळ आहे. पोटाचा चौथा भाग तिसऱ्यापेक्षा चांगलाच लांब असला की तो या कुळातला. माझा प्रबंध या कुळाच्या वर्गीकरणावर आहे. कुळाच्या आत शाखा लावताना जे प्रश्न विचारायचे त्यांतला अगदी सुरुवातीचा प्रश्न असा: अंगावर खवले आहेत, की नुसते केस? फुलपाखराला हात लावल्यावर बोटाला जी भुकटी लागते, तसले हे खवले. ज्याला ते आहेत तो एकीकडे, ज्याला नाहीत तो दुसरीकडे.

मुळशीच्या डोंगरातला एक किडा सरांनी पूर्वी कधीतरी आणला होता आणि तो बिनखवल्यांच्या शाखेत घालून त्यावर लेखही छापला होता. तेव्हाच्या नमुन्यांच्या जुन्या नळीतला एक किडा मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर पाठीच्या दोन भागांमधल्या खाचेत चारपाच खवले ओळीने बसलेले दिसले.

"पतंगाची भुकटी असेल," सर म्हणाले. "पाल्याच्या एकाच पोत्यातून हजार गोष्टी येतात."

"पतंगाचा खवला खाचेत असा ओळीने बसेल का, सर? आणि मुळासकट?"

सरांनी चष्मा पुसला. "मग जा. त्याच जागेवरून अंगभर खवले असलेला किडा आण. नाही मिळाला तर छापलंय तसं लिही. माझी सही हवी असेल तर."

सही नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर पदवी नाही, आणि कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची जागाही नाही. मी म्हणालो, "जातो."

पौडची वाट

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरेच वर्ष होते. फाल्गुन संपत आला होता. एस्टीत माझ्या मांडीवर लाकडी पेटी होती आणि पेटीत कॉलेजचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक. पिरंगुटला गाडीचे चाक बसले. सगळे उतरले आणि रस्त्याकडेच्या चहाच्या खोपटात शिरले. मी पेटी खाली ठेवीना, तसे समोरच्या पागोटेवाल्या गृहस्थांचे कुतूहल वाढले.

"बाजाची पेटी हाय व्हय?"

"नाही. सूक्ष्मदर्शक."

"म्हंजी?"

"बारीक असतं ते यातून मोठं दिसतं."

ते थोडे विचारात पडले. "मंग ह्या रस्त्याचं काम बघा त्यातनं. आमाला तर अजून दिसलं न्हाई."

खोपटभर लोक हसले. चहात गूळ होता, वर धुराचा वास. आमच्याकडचा चहा यापेक्षा चांगला, हे मी पुण्यात कधी म्हणालो नसतो, इथे म्हणालो. चहावाला रागावला नाही. "तुमच्याकडं पानी कमी, म्हून चा घट्ट," एवढेच म्हणाला.

पौड सोडले की डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येतात. मला डोंगरांची सवय नाही. आमच्याकडे नजर टाकावी तितकी जाते, इथे ती लगेच कुठेतरी आपटते. उतारांवर काळे चौकोन दिसत होते, जणू कुणी ठिगळे लावली आहेत. शेजारच्या बाईंनी सांगितले, ते राब. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून, वर माती घालून भाजतात. तण मरते, राख खताला होते. आमच्या शेतात धसकटे वेचतात, जमीन उलथतात आणि उन्हावर सोडून देतात. आग लावली तर ती आवरायला पाणी कुठले? मी हौसेने ऐकत होतो. हा राब मला कसा नडणार आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

धरणाच्या पलीकडे

पुढचा टप्पा होडीचा. पाणी इतके स्थिर की डोंगर त्यात उलटे उभे होते. ज्या वाडीत मी उतरलो तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे वाचून कुणी नळ्या आणि पोती घेऊन तिकडे निघावे असे मला वाटत नाही. पौडच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी हैबतीबाबांचे नाव सांगितले होते. वाडीतले ते सर्वांत वडीलधारे, आणि वाघजाईच्या राईची राखण त्यांच्या घराण्याकडे. राई म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान. सरांचा किडा त्याच रानातला.

बाबा शेतावर होते. त्यांच्या सुनेने, चिमाआक्कांनी, पाय धुवायला पाणी दिले आणि ताट वाढले. आंबेमोहराचा भात, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी. भाताचा वास घरभर होता. आमच्याकडे भात सणाला होतो, आणि तोही पाहुण्यांच्या पानात आधी पडतो. मी पहिल्या घासाला थांबलो, तर त्यांना वाटले मला आवडले नाही.

"तुमच्याकडं काय खात्यात?"

"ज्वारीची भाकरी."

"ज्वारी? रोज?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "अवो, ती चिमण्यांची!"

"आणि नाचणी आमच्याकडे आजाऱ्याला देतात," मी म्हणालो.

"मंग खावा गप. आजारीच दिसताया तुमी."

त्या दिवशी दुपारी मी वाडीच्या वरचा उतार धुंडाळला. दगड उलटे केले, साली सोलल्या, झाडांच्या बुंध्याशी नाक लावले. एकही किडा नाही. सगळा डोंगर झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. पान म्हणून खाली नव्हते, सारे राबात गेले होते. पाला नाही तर ओल नाही, आणि ओल नाही तिथे माझा किडा नाही. संध्याकाळी खाली येताना मात्र ओढ्याच्या अंगाला हिरवागार ठिपका दिसला. तिथे झाडे एकमेकांत इतकी शिरलेली की आत काळोखच. तीच राई. साऱ्या डोंगरात पाला उरला होता तो तिथे.

शेंदराचे दगड

हैबतीबाबा अंगणात वाखाचा दोर वळत बसले होते. मी नमस्कार केला, येण्याचे कारण सांगितले. त्यांनी दोर पायाच्या अंगठ्यात धरून ठेवला आणि शांतपणे ऐकून घेतले.

"राईत जावा. बसा. आईच्या पाया पडा. पन आतली काडी भायेर न्यायाची न्हाई."

"काडी नको मला. किडा हवाय."

"किडा बी न्हाई. आतलं सारं आईचं."

"बाबा, हा एवढासा असतो. नखावर चार बसतील."

"म्हून तर म्हनतोय." त्यांचा आवाज चढला नाही. "मोठं मोठं ते पान्यात गेलं. शेतं गेली, घरं गेली, पिंपळाचा पार गेला. तवा आमाला कुनी इचारलं न्हाई. ही राई वर व्हती म्हून ऱ्हायली. हितलं आता एवढंसं बी जानार न्हाई. आन मागं एकदा गेलंया. टोपीवाला एक सायब आलता. कुनाला इचारलं न्हाई, पोती भरून पाला नेला. बैलगाडीत घालून खडखडत गेला पार धक्क्यापतुर."

वाडीत टोपीवाले साहेब किती येत असतील? "ते माझे सर," मी म्हणालो.

दोर त्यांच्या अंगठ्यातून सुटला.

चिमाआक्का दारातून म्हणाल्या, "मामंजी, सांगितलं नसतं तर तुमाला काय कळनार व्हतं?"

"खरं बोलला म्हून बसू देतोय. पाला दिला न्हाई." मग माझ्याकडे बघून, "तुज्या सायबाला सांग, इचारायाला जीभ लागती, टोपी न्हाई."

मी गप्प बसायला हवे होते. वडील असते तर त्यांनी मला दंडाला धरून उठवले असते. पण पुण्याहून मी एक 'नाही' न मानता निघालो होतो, दुसऱ्या 'नाही'शी येऊन थांबायला नव्हे. त्यांचे 'नाही' मला सरांच्या 'नाही'पेक्षा जास्त पटत होते, आणि तरीही मी वाद घातला. किडा मारून खायचा नाही, त्याचे औषध करायचे नाही. त्याला चुकीच्या घरात नोंदवले आहे, ते दुरुस्त करायचे आहे. एवढे त्यांना सांगितले.

"त्याला फरक पडतो व्हय?" बाबांनी विचारले.

"त्याला नाही पडत. आपल्याला पडतो. तुमची जमीन दुसऱ्याच्या नावावर लिहिली तर जमिनीला काय फरक पडतो?"

ते हसले नाहीत, पण दोर पुन्हा अंगठ्यात घेतला. मी तेवढ्यावर पुढे गेलो. "राईची शीव कुठली, बाबा?"

"शेंदराचे दगुड हायेत त्ये."

"आतला मोर दगड ओलांडून बाहेर आला तर?"

"तर आला. आपल्या पायानं आला. त्याला अडवनारा मी कोन?"

"आणि माझा किडा आपल्या पायांनी आला तर?"

चिमाआक्का मोठ्याने हसल्या. बाबांनी वाखाचा एक पेड पूर्ण वळला, मग म्हणाले, "आला तर तुजा. पन हाकलायचा न्हाई. आत हात घालायचा न्हाई. काडीनं ढोसायचा न्हाई. आन मी बगत बसनार."

ओले पोते

उन्हाळ्यात हा किडा ओलीच्या मागे जातो, एवढे मला ठाऊक होते. चिमाआक्कांकडून एक गोणपाट मागून घेतले, ओढ्यात भिजवले आणि शेंदराच्या दोन दगडांमध्ये, शिवेच्या अगदी बाहेरच्या अंगाला, सावलीत पसरले. त्याखाली वाडीतला थोडा कुजका पाला घातला. तो घालताना बाबांनी उचलून बघितला, राईतला तर नाही ना. मग ते दगडावर बसले, मी दुसऱ्या दगडावर. इतक्या कडक परीक्षकासमोर मी आजवर बसलेलो नाही. मी पाय हलवला तरी ते बघत.

सकाळी गेलो तर पोत्यावर एक लाल कोंबडी उभी. पोते उलटे, पाला उधळलेला, आणि कोंबडी मान वाकडी करून एकेक टिपते आहे. मी ओरडलो. ती दोन पावले सरकली आणि पुन्हा टिपायला लागली.

"ही सायबाच्या बाजूची," बाबा म्हणाले.

मला रडू येईल असे वाटत होते, आणि हसलो. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली: कोंबडीला टिपायला काहीतरी मिळत होते. म्हणजे किडे बाहेर येत होते. पोते पुन्हा भिजवले, भोवती करवंदीच्या जाळीच्या काट्या रचल्या. चिमाआक्का राबाकडे जाता-येता कळशीतले पाणी पोत्यावर शिंपडत गेल्या. "म्हशीची एवढी बडदास्त न्हाई ठेवली कदी," असे ऐकवत.

दुसऱ्या सकाळी पोत्याचा कोपरा उचलला आणि खाली सगळीकडे टिक-टिक उड्या सुरू झाल्या.

"अगं बया!" चिमाआक्का वाकून बघत म्हणाल्या. "कुनी टिचक्या मारल्यागत उडत्यात. टिचक्याच ह्या."

त्या क्षणी किड्याला मराठी नाव मिळाले. मी ते प्रबंधात घालणार आहे.

सवयीने मी खिशातून बारीक ब्रश काढला. आमच्याकडे किडा असाच उचलतात: ब्रश ओला करायचा, पाठीवर टेकवायचा, किडा चिकटतो, मग स्पिरिटच्या नळीत सोडायचा. सरांनी मला हे पहिल्या आठवड्यात शिकवले होते. ब्रश टेकवणार तोच बाबांची काठी मध्ये आली.

"काय ठरलंय?"

"बाबा, हे शिवेच्या बाहेर आलेत आता!"

"आपल्या पायानं, असं ठरलंय. बाटलीत बी आपल्या पायानं जाऊ दे."

ही अट मला शुद्ध आडमुठेपणाची वाटली. वाद घातला, तो हरलो. रुंद तोंडाच्या बाटलीत ओल्या मातीचा थर दाबून बसवला, बाटली पोत्याला टेकवून आडवी ठेवली आणि वाट बघत बसलो. ऊन चढू लागले. पोते वरून सुकत गेले तसे बाटलीतल्या ओलीकडे एकेक टिचकी चालत, मधूनच उडत, आपल्या पायांनी आत जाऊ लागली. कुणी त्यांना शिवले नाही. मी बाटली अलगद उभी केली, पेटीतून सूक्ष्मदर्शक काढून सपाट दगडावर ठेवला, वरून ऊन पडेल असा वळवला, आणि बाटलीतले मातीचे एक ढेकूळ, त्यावर बसलेल्या टिचकीसकट, भिंगाखाली धरले.

ती डोक्यापासून शेपटापर्यंत खवल्यांनी मढलेली होती. रुपेरी, आणि कूस बदलली की निळी. एकही जागा उघडी नव्हती.

मी किती वेळ बघत होतो सांगता येत नाही. मग बाबांच्या अटीप्रमाणे आलेल्यांपैकी, म्हणजे आता माझ्या असलेल्यांपैकी, एक टिचकी मी ब्रशाने उचलली आणि भिंगाखाली धरली. पाठीचा मधला भाग बोडका झाला होता. ब्रशाच्या केसांना रुपेरी भुकटी लागली होती. तिला स्पिरिटच्या नळीत टाकून नळी चार वेळा हलवली. बाहेर काढली ती सरांच्या लेखातली टिचकी. अंगावर केस, बाकी काही नाही. फक्त पाठीच्या खाचेत, जिथे घासायला काही पोचत नाही, तिथे चारपाच खवले ओळीने शिल्लक.

पोत्यात कोंबलेला पाला, बैलगाडीची खडखड, चाळण, ब्रश, स्पिरिट. सरांच्या हाती किडा आला तेव्हा तो बोडकाच होता. आणि सरांनी जे दिसले ते लिहिले. चूक डोळ्यांची नव्हती, हातांची होती, आणि ते हात आम्ही सगळेच तसे चालवतो. बाबांनी राईचा मान राखायला घातलेल्या अटीमुळे मला किड्याला हात लावता आला नाही, म्हणून तो मला पुरा दिसला. हे मी त्यांना सांगितले तर म्हणाले, "मला त्यातलं काय ठावं? आईचं हाय, हात लावू नगं, येवडंच म्हनलो मी."

चिमाआक्कांनी भिंगाला डोळा लावला. "अवो, ही तर मासळी! खवलं बगा की!" मग बाबांना आग्रह. ते नको नको म्हणत वाकले, एक डोळा मिटायचे विसरले, मग मिटला. बराच वेळ वाकून राहिले.

"आई दागिनं घालती ह्यांच्या अंगावर," ते म्हणाले. "आन तुजा सायब म्हनतो, उघडी हायेत?"

"म्हणतो."

"सांग त्याला."

परत

निघताना चिमाआक्कांनी आंबेमोहराचे तांदूळ फडक्यात बांधून दिले. "आजाऱ्याला देतात म्हनं नाचनी, तर त्यातली बी घातलीया," म्हणाल्या. बाबा धक्क्यापर्यंत आले. होडीत चढण्याआधी त्यांनी बाटली हातात घेतली, उन्हाकडे धरली, आत राईतले पान नाही याची खात्री केली आणि मगच परत दिली.

एस्टीत बाटली मी दोन्ही तळव्यांत धरून बसलो. बाकी एकही टिचकी मी मुद्दाम स्पिरिटमध्ये टाकली नव्हती. टिचक्या जिवंतच न्यायच्या होत्या. पौडला गाडीत गर्दी झाली. कंडक्टर म्हणाला, "पावनं, बाटली खाली ठेवा, हात मोकळा करा, दांडी धरा." मी धरली नाही. वळणावर एका आजीबाईंच्या अंगावर गेलो आणि पिरंगुटपर्यंत त्यांची बोलणी खाल्ली. ती मला लागली नाहीत.

सर प्रयोगशाळेत होते. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. पहिल्यांदा बघून त्यांनी भिंग बदलले. पुन्हा बघितले. मग ब्रश घेतला, एक टिचकी उचलली, स्पिरिटमध्ये टाकली, हलवली, पुन्हा बघितली. मी शिवेवर केले होते तेच सारे, त्याच क्रमाने. मग ब्रश खाली ठेवला.

"खवलेवाला आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"शाखा बदल. तुझं बरोबर आहे." खिडकीकडे बघून म्हणाले, "माझ्या लेखाचा उल्लेख करायची गरज नाही. नवा किडा म्हणून लिही. सही करतो."

इथे मी 'बरं' म्हणालो असतो तर आज पदवी हातात असती. वडिलांना तार गेली असती. पण वर्गीकरणात आधी कुणी काय कुठे ठेवले होते ते लिहावेच लागते. नाहीतर एकच टिचकी दोन नावांनी दोन घरांत राहते, आणि पुढे येणारा कुणी मुलगा नसलेल्या किड्याच्या शोधात रानोमाळ हिंडतो. हे मला शिकवले कुणी? सरांनीच.

"सर, हा नवा नाही. तुमचाच आहे. तुम्हीच तो पहिल्यांदा आणलात. तुमचं नाव काढलं तर ते खोटं होईल, आणि नाव ठेवून चूक झाकली तर तेही."

"काय लिहिणार आहेस?"

मी ओळ लिहूनच नेली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यात सरांचे नाव होते, लेख होता, आणि पुढे: 'नमुने गोळा करताना खवले गळून गेल्याने हा किडा चुकून बिनखवल्यांच्या शाखेत घातला गेला.'

सरांनी ती वाचली आणि कागद उलटा ठेवला. "ही ओळ काढ. मग ये."

"नाही काढणार, सर."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे गेले असते.

याला आता पावसाळा लोटून गेला. प्रबंध टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडला आहे, ओळीसकट, सहीशिवाय. वसतिगृहातली मुले मला समजावतात. चुलत्यांनी निरोप पाठवला की सरांचे पाय धर. पाय मी रोजच धरायला तयार आहे. त्यांच्यामुळे मी इथे आहे. ओळ तेवढी मागू नका. वडिलांनी मात्र परवा एवढेच विचारले, "खवले तू डोळ्यांनी बघितलेस?" मी हो म्हणालो. "मग काय," म्हणाले, आणि मशीन सुरू केले.

मी रोज सकाळी प्रयोगशाळेत जातो, सरांना नमस्कार करतो, कामाला लागतो. टिचक्यांची बाटली त्यांच्या खिडकीत आहे. ती मी तिथून हलवलेली नाही. टिचक्या जिवंत आहेत, पिल्लेही झाली आहेत. मी गावी गेलो होतो तेवढ्या दिवसांतही बाटलीतली माती सुकली नव्हती, आणि सरांच्या खोलीत दुसरे कुणी जात नाही.

काल बाटलीकडे पाठ करून सर म्हणाले, "ओळ?"

"आहे, सर."

"हं," ते म्हणाले, आणि मला पुढची नळी दिली, तळाशी ओली माती दाबलेली. ब्रश दिला नाही.